तालमीत लागलेला 'द रेड'

(दृश्य: संध्याकाळ. हौद्यातली तांबडी माती, भिंतीला टेकवलेल्या लाठ्या. दोन पोरं पांढरा पडदा बांधतायत.)

कोल्हापुरातल्या एका पेठेतली ही तालीम. इथं कुस्तीही चालते आणि मर्दानी खेळही. जोर-बैठका आत्ताच संपल्यात, अंगावरची माती अजून निघालेली नाही आणि पोरं पडद्यापुढं मांडी घालून बसलीत. आज सिनेमा आहे, तोही इंडोनेशियाचा. भाषा कुणालाच येत नाही. खाली ओळी येतात, पण त्या वाचायला कुणाला सवड आहे?

गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. जकार्तातली एक बहुमजली इमारत, तिच्यात तामा नावाचा टोळीचा म्होरक्या राहतो आणि शहरातले चोर-खुनी त्याचे भाडेकरू. वीस पोलिसांची तुकडी चोरपावलांनी आत शिरते, पण सुगावा लागतो आणि तामा लाऊडस्पीकरवरून जाहीर करतो की पोलिसांना जो मारील, त्याला कायमचं घर फुकट. बाहेरून कुमक येणार नाही, कारण हा छापा वरच्यांना न विचारताच घातलाय. मग उरतात जिने, दारं आणि अरुंद बोळ.

'द रेड'. साल २०११. टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथून त्याचं नाव जगभर झालं.

(दृश्य: तालमीच्या भिंतीवरचे जुन्या पैलवानांचे फोटो.)

दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स, मूळचा वेल्सचा. इंडोनेशियात तो गेला होता 'पेन्चाक सिलाट' या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करायला. तिथं त्याला इको उवैस दिसला. आजोबा सिलाटचे गुरू, नातू टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर. या ड्रायव्हरला घेऊन इव्हान्सनं २००९ साली पहिला सिनेमा केला. पुढचा बेत मोठा होता. तुरुंग, टोळ्या, गाड्यांचे पाठलाग असं सगळं. पैसेच जमेनात. तेव्हा त्यानं एका इमारतीत मावेल अशी गोष्ट लिहिली. सुमारे ११ लाख डॉलरमध्ये काम भागलं. मोठा बेत नंतर, २०१४ साली, दुसऱ्या भागात वापरला.

पण पैसे नव्हते हेच बरं झालं, असं मला वाटतं. जागा अडचणीची झाली म्हणून मारामारीही अंगाला अंग लावून करावी लागली. आणि सिलाट मुळात जवळून लढण्यात तरबेज: कोपर, गुडघा, खाली बसका पवित्रा.

(दृश्य: पडद्यावर बोळातली मारामारी. पोरांचे चेहरे. कुणी हूं की चूं करत नाही.)

नायकाचं नाव रामा, तो झालाय इको उवैस. एका हातात पोलिसी दांडकं, दुसऱ्यात सुरी. समोरून एक येतो, मागून दोन. दांडक्यानं अडवायचं, सुरीनं घ्यायचं. इतका वेळ गप्प बसलेले वस्ताद इथं पुढं सरकतात.

"हे फरी-गदगाच की रं! पाय बघा त्याचं पाय, हात काय बघताय?"

फरी म्हणजे छोटी ढाल, गदगा म्हणजे तलवारीच्या जागी घ्यायची काठी. मर्दानी खेळात नवख्या पोराचा हात यावर बसतो. एक हात राखतो, दुसरा मारतो, आणि दोघांचा हिशेब पाय ठेवतात. वस्तादांना हे जकार्तातल्या बोळात दिसलं.

मग कुणीतरी विचारलं, इथं दांडपट्टा असता तर? सगळे हसले. दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक. हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, त्यामुळं मनगट वळतच नाही. वार येतो तो खांद्यातून. त्याला भोवती मोकळं रिंगण हवं. २०२४ साली महाराष्ट्रानं ज्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ते शस्त्र त्या बोळात दोन्ही भिंतींना थडकत बसलं असतं.

(दृश्य: पडद्यावर बंद खोली. दोघं समोरासमोर.)

आता तालमीला सगळ्यात आवडलेला तुकडा. 'मॅड डॉग' हा तामाचा उजवा हात. अंगानं लहान, हे काम यायान रुहियाननं केलंय, तो स्वतः सिलाटचा जुना जाणकार. त्यानं पोलिसांच्या सार्जंटवर पिस्तूल रोखलेलं आहे. चाप ओढला की विषय संपला. पण तो पिस्तूल बाजूला ठेवतो. चाप ओढण्यात त्याला मजा नाही, त्याला हातानं लढायचंय.

"वाघ हाय वाघ," मागून आवाज आला. खलनायकाला.

सार्जंट झालेला जो तस्लीम इंडोनेशियाच्या ज्युदो संघात खेळलेला. त्यानं मॅड डॉगला पाय घालून फेकलं तेव्हा पैलवानांनी एका सुरात 'टांग!' म्हणून ओळख पटवली. तरी सार्जंट मरतो. त्या वेळी तालमीत पसरलेली शांतता मी रेकॉर्ड केलीय.

शेवटची मारामारी मात्र इथं पचली नाही. मॅड डॉगनं रामाच्या भावाला साखळीनं टांगून ठेवलंय. रामा येतो. मॅड डॉग म्हणतो, सोड त्याला, दोघंही या. आणि दोघं येतात.

"दोघं एकावर? ह्येला काय अर्थ हाय?"

त्यानंच बोलावलं ना, असं मी म्हटलं. वस्ताद म्हणाले, बोलावलं म्हणून जायचं नसतं.

बाकी सिनेमात उणं पुष्कळ. भावाभावाचं प्रकरण घाईत उरकलंय, बायका जवळजवळ नाहीतच, आणि रक्त इतकं की दोन लहान पोरांना आम्हीच मधून घरी पाठवलं.

(दृश्य: रात्र. पडदा सोडलेला. फक्त हौद्यावरचा दिवा.)

एक गोष्ट मला छळते. हे बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० सालचा 'सैरंध्री' इथंच काढला. तालमी तर पेठोपेठी. तरी मर्दानी खेळ आम्ही टिपतो ते मिरवणुकीत, लांबून, हलगीच्या ठेक्यावर पट्टा गरागरा फिरताना. सिलाटला २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. पण त्याच्या आधी कुणीतरी कॅमेरा घेऊन त्याच्या पायाशी बसलं होतं.

म्हणून मी कॅमेरामनला म्हटलं, आता आत जा. हौदा आणि भिंत यांच्यामध्ये चार फुटांची वाट आहे. दोन पोरं फरी-गदगा घेऊन तिथं उभी राहिली. तिसऱ्याच फटक्याला गदगा माइकवर बसला.

वस्तादांनी खेळ थांबवला. कॅमेरामनच्या पायांकडं बघितलं.

"बूट काढ. डावा फुडं घे. गुडघ्यात वाक. आता मागं सरक बघू."

(दृश्य: कॅमेरा जमिनीवर ठेवलेला. चौकटीत फक्त अनवाणी पाय, मागं सरकताना.)