काटा उतरला, ताकद कुठं गेली?

(दृश्य: सिद्धेश्वर तलावाचा काठ, सकाळी फिरायला आलेली मंडळी.)

सोलापुरात वजन कमी करायचं ठरलं की माणूस आधी भात सोडतो. मग नवे बूट घेतो आणि तलावाच्या बाजूनं चालायला लागतो. महिन्याभरात काटा दोन-तीन किलो उतरतो, घरात कौतुक होतं. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे मात्र काटा सांगत नाही. नुसतं खाणं तोडलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा बिनचरबीचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा असू शकतो. पुढं भात पुन्हा ताटात आला की वजनही परततं, पण गेलेला स्नायू तसाच परत येत नाही.

आणि आपल्याकडं स्नायू मुळातच बेताचे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा ‘मी कुठं जाड आहे?’ म्हणून सुटका होत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायूंचं. तेच कमी असतील तर मधुमेह लवकर गाठतो.

(दृश्य: बाराबंदी घातलेले भक्त, नंदीध्वजांची मिरवणूक.)

वजन पेलणं या गावाला कुणी शिकवायला नको. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. यात्रेच्या आधी त्याचा सराव चालतो, आयत्या वेळी येऊन ते कुणाला पेलत नाहीत. तालमीतला वस्तादही नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावत नाही, आकडा हळूहळू चढवतो. जिममधला ट्रेनर यालाच प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतो आणि त्याची फी घेतो.

(दृश्य: शहराच्या पूर्व भागातलं घर. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं.)

“दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?” पूर्व भागात हा सवाल हमखास येतो, आणि तो रास्त आहे. विडी वळणारी बाई तासन्‌तास मांडी घालून बसते, लूमवरचा कामगार तासन्‌तास उभा असतो. अंग दुखतं, पण ताकद वाढत नाही, कारण हालचाल रोज तीच आणि ओझंही तेवढंच. पाठ आणि गुडघे तेवढे झिजतात. अशा माणसाला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. म्हणून व्यायाम असा हवा, जो वीस मिनिटांत आणि दहा बाय दहाच्या खोलीत उरकेल.

(दृश्य: खुर्ची, भिंत, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी.)

हात न टेकता खुर्चीतून उठा, सावकाश बसा. भिंतीला तळवे लावून जोर काढा. कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा आणि भरलेली पिशवी पोटाकडं ओढा. मग दोन्ही हातांत बादल्या घेऊन खोलीत फेऱ्या मारा. उठबस, जोर आणि पिशवी प्रत्येकी ८ ते १२ वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. थोडं थांबून दुसरी फेरी. श्वास कोंडायचा नाही. बारा सहज जमायला लागले की पिशवीत आणखी एक बाटली. एक दिवस करा, एक दिवस सोडा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आठवड्यातून किमान २ दिवस अशा व्यायामाची आहे, आणि चालणं त्याशिवाय. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की मात्र दुपारचा नाद सोडा, उजाडताच उरकून घ्या.

आता ताट. कडक भाकरीला दोष देऊ नका, ज्वारी चांगलीच आहे. गडबड शेंगाचटणीवर तेल ओततो तिथं होते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण कॅलरीही साडेपाचशेच्या वर. म्हणजे चमचाभर चटणी ठीक, वाटीभर नव्हे. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागं १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला दिवसाला ७२ ग्रॅम तरी हवीत, आणि पातळ आमटीनं ती भरून निघत नाहीत. मटकीची उसळ, घट्ट डाळ, दही, अंडी यांना ताटात जागा करावी लागते. मटण खाणाऱ्यांनी रश्श्यावरच्या तर्रीपेक्षा फोडींकडं जास्त लक्ष द्यावं, एवढंच. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. काही आठवडे काटा हललाच नाही, तर कमरेला टेप लावा: पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांच्या कानावर घाला. व्यायामानं साखर खाली येते आणि कधीकधी डोस बदलावा लागतो.