कॅमेरा चालू आहे, रेकॉर्डिंगचे काय?

[दृश्य: नियंत्रण कक्ष. भिंतीवरील पडद्यावर 16 चौकटी.]

प्रवेशद्वार, गोदाम, रोखपालाची खिडकी, वाहनतळ. प्रत्येक चौकटीत त्या त्या जागेचे चालू चित्र दिसते आहे आणि हा पडदा पाहून यंत्रणा ठणठणीत आहे असे कोणालाही वाटेल. परंतु कॅमेऱ्यांना आत्ता दिसते आहे, याहून अधिक काही हा पडदा सांगत नाही. दिसणारे साठवले जात आहे का, हे जुने चित्रण उघडल्याशिवाय कळत नाही. आणि अनेक व्यवसायांत ते उघडण्याची वेळ चोरी किंवा अपघात घडून गेल्यावरच येते.

म्हणूनच जाणता तंत्रज्ञ देखभालीची सुरुवात रेकॉर्डरपासून करतो. तो एकेक कॅमेरा निवडतो, कालची, आठवड्यापूर्वीची आणि उपलब्ध साठवणुकीतील सर्वांत जुनी तारीख देतो आणि ते चित्रण प्रत्यक्ष चालवून पाहतो. एखाद्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग वेळापत्रकातच बंद राहिलेले असते. कुठे हालचाल झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू व्हावे अशी मांडणी असते, पण संवेदनशीलता इतकी कमी ठेवलेली असते की सावकाश चालत गेलेला माणूस टिपलाच जात नाही. कुठे डिस्क बिघडलेली असते आणि रेकॉर्डरचा इशारा देणारा आवाज नकोसा वाटला म्हणून कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो. या तिन्ही प्रसंगी चालू चित्र मात्र अगदी स्वच्छ दिसते. देखभालीसाठी महिन्यात एकच तास मिळत असेल, तर तो जुने चित्रण चालवून पाहण्यातच घालवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

[दृश्य: रेकॉर्डरचे उघडे झाकण. आतील हार्ड डिस्क.]

साठवणुकीचा हिशेब एकदा तरी कागदावर मांडायला हवा. एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट या वेगाने अखंड माहिती पाठवत असेल, तर 24 तासांत सुमारे 43 गिगाबाइट जागा लागते. अशा 16 कॅमेऱ्यांचे 30 दिवसांचे चित्रण 21 टेराबाइटच्या आसपास जाते. जागा भरली की रेकॉर्डर सर्वांत जुने चित्रण पुसून त्याच जागेवर नवे लिहितो. अशा वेळी त्याच दर्जाचे आणखी 4 कॅमेरे जोडले आणि डिस्क मात्र आहे तीच ठेवली, तर 30 दिवसांची साठवण गुपचूप 24 दिवसांवर येते आणि याची कोठेही सूचना मिळत नाही. ही डिस्क अहोरात्र लिहीत असते, त्यामुळे अशा कामासाठीच बनवलेली डिस्क वापरणे, तिच्या प्रकृतीचा अहवाल रेकॉर्डरवर नियमित पाहणे आणि पंख्यावर बसलेली धूळ काढणे आवश्यक ठरते. हवा न खेळणाऱ्या कपाटात कोंडलेला रेकॉर्डर तापतो आणि त्या उष्णतेने डिस्कचे आयुष्य घटते.

[दृश्य: रात्र. बाहेरच्या भिंतीवरील कॅमेरा, जवळून.]

बाहेरच्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा अंधारात होते. त्याच्या अंगावरील इन्फ्रारेड दिवे बहुधा 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. माणसाला त्यांची फक्त अंधुक लालसर झाक दिसते. कॅमेऱ्याभोवती किडे जमतात आणि त्यांच्या मागोमाग कोळी येतो. लेन्ससमोर आलेला जाळ्याचा एकच तंतू, दिव्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे, चित्रात जाड पांढऱ्या पट्ट्यासारखा चमकतो. तो तंतू वाऱ्यावर हलला की यंत्रणेला हालचाल झाल्याचे भासते, रात्रभर निरर्थक रेकॉर्डिंग होत राहते आणि कामाच्या चित्रणाची जागा त्यातच जाते. जाळे काढण्यासाठी मऊ ब्रश पुरतो. घुमटाकार झाकण मात्र जपून पुसावे लागते. आधी हवा मारून धूळ उडवावी, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावे. कोरडी धूळ कापडाने घासली तर प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे उठतात. ते दिवसा जाणवतही नाहीत, पण रात्री इन्फ्रारेड प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि समोरच्या माणसाचा चेहरा धुक्यात बुडाल्यासारखा दिसतो. झाकण परत बसवताना लेन्सभोवतीची मऊ कडी घुमटाला नीट टेकली नाही, तरी दिव्यांचा प्रकाश आतल्या आत परतून असेच धुके येते. त्यामुळे दुपारी सफाई करून निघून जाणाऱ्याचे काम अर्धेच झालेले असते. अंधार पडल्यावर चित्र पाहायलाच हवे.

कॅमेऱ्यासमोरची जागाही बदलत असते. झाडाची फांदी वाढते, नवा फलक लागतो, गोदामातील मांडणी हलते. बसवणीच्या दिवशीचे प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र जपून ठेवले, तर आजच्या चित्राशी ताडून पाहता येते. केबलचे जोड गंजले आहेत का आणि वीज तोडल्यावर यूपीएस किती वेळ तग धरतो, हेही याच फेरीत पाहून घ्यावे.

घड्याळाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. रेकॉर्डरची वेळ 10 मिनिटांनी चुकलेली असेल, तर पावतीवरील वेळ आणि चित्रणावरील वेळ जुळत नाही आणि पुरावा म्हणून त्या चित्रणावर शंका घेतली जाते. वेळ नेटवर्कवरील विश्वसनीय घड्याळाशी आपोआप जुळेल अशी व्यवस्था ठेवावी आणि ती जुळते आहे याचीही खात्री करावी.

[दृश्य: प्रवेशासाठी नाव आणि पासवर्ड मागणारा पडदा.]

2016 साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने इंटरनेटवर उघडे असलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने कारखान्यातून आलेली, कधीच न बदललेली वापरनावे आणि पासवर्ड एकामागून एक वापरून पाहिले, एवढेच. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशाच उपकरणांमार्फत डाइन (Dyn) या, संकेतस्थळांची नावे त्यांच्या इंटरनेटवरील पत्त्यांशी जोडून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांना काही तास नीट वापरता आल्या नाहीत. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी कितीतरी जणांना आपले उपकरण यात सामील आहे याची कल्पनाही नसावी, कारण त्यांच्या पडद्यावर चित्र येतच होते. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, उत्पादकाने दिलेले फर्मवेअरचे, म्हणजे उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअरचे, अद्ययावत रूप बसवणे, कॅमेरे थेट इंटरनेटवर उघडे न ठेवणे आणि नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद करणे, ही कामे लेन्स पुसण्याइतकीच देखभालीची आहेत.

बदललेल्या जुन्या डिस्कचेही तसेच आहे. ती भंगारात टाकली, तरी कर्मचाऱ्यांचे, ग्राहकांचे चित्रण तिच्यावर असू शकते. केवळ फॉरमॅट केल्याने ते नाहीसे होईलच असे नाही. डिस्क चालू स्थितीत असेल तर तिच्यावर पूर्णपणे दुसरी माहिती लिहून आणि बिघडलेली असेल तर तिच्या आतील तबकड्या फोडूनच ती बाहेर द्यावी आणि कोणती डिस्क, कोणी, कोणत्या तारखेला नष्ट केली, याची नोंद देखभालीच्या वहीत करावी.