मूल वाढवायचं कोणी?

श्रोतेहो, नमस्कार. मूल वाढवायचं कोणी, आई-बापांनी की सरकारने? माझं मत आधीच सांगून टाकते. पहिला हक्क आई-बापांचा. सरकारला मध्ये पडायचं असेल, तर त्याने कारण दाखवावं, आणि ते कारण मुलाच्या जिवाशी, त्याच्या अंगाशी जोडलेलं असावं. मुलाच्या डोक्यात काय भरायचं हे ठरवण्यासाठी सरकारने घरात येऊ नये.

आता एक गोष्ट सांगते. साल 1920, महिना मे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातलं हॅम्प्टन नावाचं छोटं गाव. तिथे चर्चची एक शाळा होती आणि रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक. दुपारच्या सुट्टीची वेळ. मेयर एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली याकोबाच्या शिडीची गोष्ट वाचून घेत होते, जर्मन भाषेत.

सुट्टीतच का? तर पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मनीविषयीचा राग अजून ताजा होता, आणि त्याच रागातून राज्याने 1919 मध्ये कायदा केला होता: मूल आठवी पास होईपर्यंत त्याला शाळेत परकी भाषा शिकवायची नाही. सरकारी शाळेत नाही, खासगीत नाही, चर्चच्या शाळेतही नाही. लॅटिन, ग्रीक, हिब्रू चालेल असं राज्याच्या कोर्टाने पुढे सांगितलं. पण जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन बंद. इकडे आई-बाप जर्मन बोलणारे, चर्चमधली प्रार्थना जर्मन. आपल्या शेजारी बसलेल्या पोराला प्रार्थना कळावी, एवढीच त्यांची इच्छा. सुट्टी शाळेच्या वेळेत धरली जात नाही, म्हणून तो धडा सुट्टीत ठेवलेला.

आणि त्या दिवशी दारात सरकारी वकील येऊन उभा राहिला.

मेयर यांना तो दिसला. त्या क्षणी पुस्तक मिटून इंग्रजीत बोलायला लागले असते, तर बहुधा काहीच झालं नसतं. त्यांनी धडा जर्मनमध्येच चालू ठेवला! वकील आत आला, मुलाजवळ गेला, त्याला जर्मन वाचायला लावलं आणि त्याचा अर्थ इंग्रजीत सांगायला लावलं. विचार करा, दहा वर्षांचं पोर. समोर सरकार उभं, बाजूला गुरुजी, आणि आपण जे बिनचूक वाचतोय तोच गुरुजींविरुद्धचा पुरावा होणार. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी त्या मुलाचा आवाज ऐकू येतो.

मेयर यांना 25 डॉलर दंड झाला. त्यांनी अपील केलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला. मग प्रकरण थेट वॉशिंग्टनला गेलं आणि 4 जून 1923 रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सात विरुद्ध दोन मतांनी, मेयर यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मॅक्‌रेनॉल्ड्स यांनी निकालात प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या राज्याचा दाखला दिला. तिथे सात वर्षांचे मुलगे घरातून काढून छावणीत ठेवत, एकसाची नागरिक घडवायला. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या कल्पनेतल्या आदर्श राज्यात तर आई-बापाने आपलं मूल ओळखूच नये. असं राज्य आम्हाला नको, असं न्यायालयाने सांगितलं. शाळा सक्तीची करण्याचा सरकारचा अधिकार मात्र त्यांनी काढून घेतला नाही, हे लक्षात ठेवा.

जाता जाता सांगते, लहान वयात दोन-तीन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, ही समजूत सोडून द्या. मुलं भाषा भराभर वेगळ्या करतात. गोंधळ मोठ्यांचा होतो. आणि शाळांनाही विनंती आहे, ढीगभर गृहपाठ देऊन संध्याकाळ खाऊ नका. आई-बापांनी मुलाला काही शिकवायचं तर तेवढाच वेळ त्यांच्या हातात असतो.

असो. दोनच वर्षांनी, 1925 मध्ये, ओरेगन राज्याचा कायदा त्याच न्यायालयात पडला. 8 ते 16 वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे, असा तो कायदा. मूल ही सरकारची निर्मिती नाही, असं न्यायालयाने तेव्हा स्पष्ट म्हटलं.

पण आई-बापांचा हक्क म्हणजे मुलावरची मालकी नव्हे. 1944 मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूही सांगितली: आई-बापांना श्रद्धेपायी स्वतः हुतात्मा व्हायचं तर व्हावं, मुलांना हुतात्मा करू नये. स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, घरातसुद्धा. मला ते योग्य वाटतं. छडी हा पालकांचा हक्क असूच शकत नाही. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करारही तेच सूत्र धरतो. वाढवण्याची पहिली जबाबदारी आई-बापांची, आणि मूल त्यांच्यापासून तोडायचं तर मुलाच्या हितासाठी, कायद्याने, न्यायालयाला तपासता येईल अशा रीतीने. म्हणजे पुन्हा तेच, कारण दाखवायचं.

आता ताजं उदाहरण. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही, आणि ते मला पटतं. मुलांच्या हातातल्या फोनमागे बसलेल्या एवढ्या मोठ्या कंपन्यांशी एकट्या आईने किती झुंजायचं? पण या कायद्यात आई-बापांच्या संमतीला जागाच नाही. पंधरा वर्षांच्या आपल्या मुलीला ओळखणारी आई ‘चालेल’ म्हणाली, तरी चालणार नाही. ती जागा ठेवायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. नमस्कार.