मुद्दाम करत नाही तो : टुरेट सिंड्रोमची ओळख

(दृश्य : शाळेचा वर्ग. एक मुलगा भराभर डोळे मिचकावतो आहे.)

सुरुवात बहुतेक वेळा चेहऱ्यापासून होते. सहा-सात वर्षांचं मूल एकाएकी डोळे मिचकावू लागतं. टीव्ही जास्त झाला, असं म्हणून घरचे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतात. नंबर निघत नाही. काही महिन्यांनी मिचकावणं ओसरतं आणि मान झटकणं सुरू होतं. मग नाक ओढणं, घसा खाकरणं. आता ॲलर्जीची औषधं. डोळ्यांचे कागद एका फायलीत, घशाचे दुसऱ्या. दोन्हींमागे एकच कारण असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि मूल रोज ऐकत असतं : "नाटकं बंद कर." कुणी दृष्ट काढतं, कुणी फटका देतं.

या हालचालींना आणि आवाजांना टिक्स म्हणतात, आणि दोन्ही प्रकारच्या टिक्स असून वर्ष उलटलं की त्या विकाराला टुरेट सिंड्रोम. शिंक यायच्या आधी नाकात हुळहुळतं, तसंच टिकच्या आधी त्या जागी काहीतरी दाटून येतं, आणि टिक झाली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं. वर्गात दाबतं, आणि घरी दप्तर टाकताच टिक्स उसळतात. "शाळेत तर नीट असतो, म्हणजे मुद्दाम करतो," हा निष्कर्ष इथूनच निघतो, आणि तो चुकीचा आहे.

(दृश्य : पॅरिसमधलं जुनं रुग्णालय.)

१८८५ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला तुरेत या तरुण डॉक्टरनं अशा नऊ रुग्णांची हकीकत छापली; टुरेट हे नाव त्याच्यावरूनच. त्यांतल्या एका उमराव घराण्यातल्या बाईंच्या तोंडून नकळत शिव्या निघत. पुढे लोकांच्या लक्षात राहिल्या त्या शिव्याच. प्रत्यक्षात हे लक्षण दहांतल्या एखाद-दुसऱ्या रुग्णातच दिसतं. शिव्या नाहीत म्हणजे टुरेट नाही, असं समजून अनेकांचं निदान लांबतं.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. डॉक्टर विचारून, ऐकून, बघून ठरवतात. हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स, आवाजाची निदान एक, सुरुवात वयाच्या १८ वर्षांआधी, पहिल्या टिकला वर्ष उलटून गेलेलं, आणि दुसरा आजार किंवा औषध कारणीभूत नाही, एवढं जुळावं लागतं. दवाखान्यात मूल बऱ्याचदा शांत बसतं. म्हणून घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, बालमेंदूविकारतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

(दृश्य : समुपदेशकासमोर बसलेली मुलगी.)

सौम्य टिक्सना औषध लागतच नाही. त्रास होत असेल तर आधी वर्तनोपचार, ज्याला डॉक्टर सीबीआयटी म्हणतात. मान झटकण्याची ऊर्मी ओळखायची आणि ती ओसरेपर्यंत हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू ताठ धरायचे, असं एकेका टिकसाठी शिकवतात. अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले : हा उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुलं सुधारली, नुसत्या आधार-समुपदेशनात पाचातलं एकही जेमतेम. हे शिकवणारे प्रशिक्षित लोक आपल्याकडे कमी आहेत, ही खरी अडचण.

औषधांत क्लोनिडिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन वापरतात. झोप येणं, वजन वाढणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. क्लोनिडिन मनानं एकदम थांबवू नका, रक्तदाब उसळतो.

आणि नुसत्या टिक्स मोजू नका. लक्ष न लागणं, मंत्रचळ, अस्वस्थता हे सोबत असतंच असं नाही, पण बरेचदा असतं, आणि मुलाला त्याचाच जाच जास्त होतो. डॉक्टरांना तेही सांगा.

टिक्स साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात जोरात असतात, पुढे बहुतेकांच्या कमी होतात. म्हणजे पाचवी ते सातवीची वर्षं कठीण. त्या वर्गांच्या शिक्षकांना जूनमध्येच भेटून सांगा : टोकू नका, दाबवेनासं झालं तर त्याला दोन मिनिटं बाहेर जाऊन येऊ द्या.