शास्त्र्यांची लेक

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलं, की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, पुढे छापखाना आला. राबणारे हात होते ते घरानं, समाजानं किंवा दुष्काळानं वाऱ्यावर सोडलेल्या मुलींचे.

ज्याला माझ्यामागे यायचं त्यानं आत्मत्याग करावा, असं ख्रिस्तानं सांगितलं. हे वचन ऐकलं की आपल्याला उपवास आठवतात, दानधर्म आठवतो. रमाबाईंकडे सोडून द्यावी अशी धनदौलत नव्हतीच. त्यांच्याकडे होती विद्या, आणि विद्येबरोबर येणारा मान.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल शास्त्रीबुवांनी स्वजनांचा रोष पत्करला, आणि त्याच आईनं पुढे लेकीला संस्कृत शिकवलं. पुराण सांगत हे कुटुंब पायी देशभर फिरलं. मग दुष्काळ पडला. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, आणि पुढे थोरली बहीणही. त्या दिवसांविषयी रमाबाईंनी आत्मकथनात लिहिलं आहे. भीक मागणं अभिमानाला सोसत नव्हतं, हलकं मानलेलं काम करणंही सोसत नव्हतं, आणि पोट भरण्याचा दुसरा उद्योग कुणी शिकवलाच नव्हता. उपासमारीचं वर्णन करताना स्वतःच्या घराचा अभिमान असा उघड्यावर मांडणारं माणूस विरळाच. रमाबाईंचा पुढचा सगळा प्रवास मला या कबुलीतून उलगडत जातो.

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा वय होतं वीस. पुढे लग्न, मुलगी मनोरमा, आणि लगेचच वैधव्य. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ॲंग्लिकन भगिनींकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या जोगिणींकडे, राहिल्या. या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला एक घर चालवत. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं वागवलं जाई. हे बळ यांना कुठून मिळतं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची, म्हणजे समाजानं हिणवलेल्या बाईशी ख्रिस्त आपणहून बोलतो ती, बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण नम्रता म्हणजे मुकाट्यानं ऐकणं, असं त्यांनी कधीच मानलं नाही. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावं असा विचार पुढे आला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी परखड पत्रं लिहिली: मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि ती मी कुणाच्या हवाली करणार नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बायकांना आत्मत्याग शिकवायला आपला समाज, आणि ख्रिस्ती मंडळीसुद्धा, कायम तयार असते. जिच्याकडे आधीच काही उरलेलं नाही, तिला आणखी सोडायला सांगणं ही ख्रिस्ताची शिकवण नव्हे. शेवटच्या भोजनाच्या रात्री पाय शिष्यांचे होते, धुतले गुरूनं, ख्रिस्तानं.

केडगावला रमाबाईंनी हेच केलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणखी आल्या, आणि मुक्तीचा संसार दोन हजारांच्या घरात गेला. फुलहॅमला पाहिलेल्या कामातून ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभं राहिलं. अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली, त्यांना ब्रेल शिकवलं जाऊ लागलं. प्रत्येकीनं वाचायला शिकायचं आणि हातानं काम करायला शिकायचं. शेत, माग, तेलघाणा, धुणं, स्वयंपाक, कशातच कमीपणा नाही. ज्या अभिमानापायी आपलं घर उपाशी राहिलं, तो या मुलींच्या वाट्याला येऊ नये, एवढा विचार त्यामागे नक्की असणार.

विद्येचा मान मात्र अजून सुटायचा होता. पन्नाशीच्या आसपास, ऐकू कमी येऊ लागलेलं असताना, रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचं काम अंगावर घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरांतली मराठी त्यांना संस्कृतप्रचुर वाटे; खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, ही त्यांची तक्रार. आता विचार करा: जिला संस्कृतसाठी ‘सरस्वती’ म्हटलं गेलं, तिनं आपल्या हाताशी सहज येणारे शब्द एकेक करून बाजूला ठेवले, आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलीला समजेल अशी भाषा धरली. विद्वान वाचकाची वाहवा त्यात मिळण्यासारखी नव्हती. वर्षानुवर्षं हे काम चाललं. छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीच्याच मुली.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि मुक्तीचं काम पुढे जिनं सांभाळायचं तीच. त्यानंतरही रमाबाईंनी बायबलचं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.