पहिला बेस चोरता येत नाही

मंडळी, 4 जून 2012, सोमवार. त्या संध्याकाळी अमेरिकेतल्या बेसबॉल संघांनी आपले नवे खेळाडू निवडले. दुसऱ्या दिवशी मिनियापोलिसमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कुणाचंही डब्यात लक्ष नव्हतं. मिनेसोटा ट्विन्स हा आमच्या गावचा संघ. त्याने जॉर्जिया राज्यातल्या बॅक्सली नावाच्या, पाच हजारांच्याही आत वस्ती असलेल्या गावातला 18 वर्षांचा एक पोरगा निवडला होता. बायरन बक्स्टन. आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या लांबच्या पट्ट्यात उभं राहून चेंडू अडवणारा. आणि पळण्यात असा की पाहणाऱ्यांची नजर मागे पडावी.

आमच्यातले एक सहकारी लहानपणापासून ट्विन्सच्या मागे वेडे. ते उसळून म्हणाले, "पळायला काय, हरीणही पळतं. आम्हाला पिचर हवा होता!" पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा. समोर बसलेल्या मुलीने मिठाची डबी उचलून टेबलाच्या दूरच्या टोकाला ठेवली, मिरीची डबी आपल्यापुढे ओढली आणि म्हणाली, "हा बॅटर, तो बक्स्टन. आता या मधल्या जागेत चेंडू टाकून दाखव." मी या देशात तशी नवी होते. बेसबॉलमध्ये इतकं वाद घालण्यासारखं काय असतं, ते मला त्या दोन डब्यांनी शिकवलं.

आधी हा ड्राफ्ट समजून घेऊ. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, तिथे बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नाही. आदल्या मोसमात जो संघ सर्वांत जास्त हरला, त्या काळी तोच सर्वांत आधी निवडायचा. 2011 मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोज 106 सामने हरले होते आणि ट्विन्स 99. म्हणून ह्यूस्टनची निवड पहिली, आमची दुसरी. वर्षभर 99 पराभव गिळल्यावर चाहत्यांच्या पदरात पडलेली ही एकच गोष्ट. ती हातची गेली तर काय, या धास्तीपोटी माणसं इतक्या तावातावाने बोलत होती.

पिचर हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. बेसबॉलमध्ये सामना पिचरच्या हातात असतो आणि आमची तीच बाजू लंगडी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मार्क अॅपल, लुइझियानाचा केव्हिन गॉसमन असे कॉलेजातून तयार होऊन आलेले पिचर समोर दिसत होते. असा पिचर दोनेक वर्षांत मुख्य संघात येतो. शाळेतून आलेल्या पोराला चार वर्षं लागतात, आणि तोही आला तर आला. शिवाय त्या खेळात एक जुनी म्हण आहे: पहिला बेस चोरता येत नाही. बेस म्हणजे मैदानाच्या चौकोनाचे टप्पे; तीन टप्पे ओलांडून चौथ्यावर, म्हणजे 'घरी', परतलं की एक धाव. पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळत जाणं म्हणजे बेस चोरणं. दुसरा, तिसरा बेस पायांच्या जोरावर चोरता येतो, पण पहिल्यावर जायचं तर चेंडू मारायलाच हवा, नाहीतर चार वाईट चेंडू सोडून चालत जाण्याची नजर तरी हवी. फलंदाजी जमली नाही तर वेगाचं करायचं काय?

यात आणखी एक काटा होता. सगळ्यांत आधी निवडायची संधी असूनही ह्यूस्टनने बक्स्टनला सोडलं होतं. त्यांनी पोर्तो रिकोचा कार्लोस कोरेया घेतला. मग दुसऱ्याने नाकारलेला आपण घेतला की काय, ही शंका मनात येणारच. खरं कारण पैशाचं होतं. त्याच वर्षी पहिल्यांदा प्रत्येक संघाला नव्या खेळाडूंच्या करारांसाठी ठरावीक रकमेची मर्यादा घातली गेली. कोरेया 48 लाख डॉलरवर राजी झाला. पहिल्या क्रमांकासाठी ठरलेल्या रकमेपेक्षा हे बरंच कमी. वाचलेल्या पैशांतून ह्यूस्टनने 41व्या क्रमांकावर लान्स मकलर्स हा पिचर उचलला. बक्स्टनला आमच्याकडून 60 लाख मिळाले. म्हणजे ह्यूस्टनने बक्स्टनला कमी लेखलं नव्हतं, दोन खेळाडूंचं गणित एकदम मांडलं होतं. त्या दिवशी टेबलावर हे कुणीच बोललं नाही. चाहता एका नावावर भांडतो, संघ मात्र सगळी यादी पुढ्यात घेऊन बसलेला असतो.

आता मिठाच्या डबीकडे येते, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. वेगवान म्हटलं की लोकांना बेस चोरणारा आठवतो. पण आउटफिल्डरच्या वेगाची खरी कमाई बेसवर होत नाही, गवतावर होते. सेंटर फिल्डरला डावीउजवीकडे अफाट मोकळी जागा राखायची असते. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधे चेंडू पडला की बॅटर दोन बेस घेतो आणि आधीच बेसवर असलेले धावत घरी येतात. तोच चेंडू हातात विसावला तर बॅटर बाद. म्हणजे पिचर हवा म्हणणाऱ्यांनाही असाच माणूस हवा होता, फक्त त्यांना तसं वाटत नव्हतं. चांगला सेंटर फिल्डर मागे असला की साधा पिचरही छातीठोकपणे चेंडू मारू देतो.

मिनेसोटाच्या लोकांना हा वाद नवाही नव्हता. 2001 मध्ये पहिली निवड ट्विन्सची होती. सगळीकडे नाव होतं मार्क प्रायर या पिचरचं. ट्विन्सने घेतला सेंट पॉलमधला, म्हणजे अगदी शेजारचा, शाळकरी कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) जो मावर. गावचं पोर, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, असे टोमणे बसले. प्रायरने 2003 मध्ये शिकागोसाठी 18 सामने जिंकले, पण 2006 नंतर तो वरच्या पातळीवर पुन्हा दिसला नाही, त्याचा खांदा गेला. मावरने फलंदाजीची तीन विजेतेपदं मिळवली, 2009 ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2024 ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. आमचे ते सहकारी मावरचा टी-शर्ट घालून येत, आणि तरीही 2012 ला पिचरच मागत होते. यात मला विसंगती दिसत नाही. वाट पाहून फळ मिळालेल्या माणसालाही पुन्हा वाट पाहायची म्हटलं की जड जातंच.

आणि वाट पाहायला लावलीच. बक्स्टन 14 जून 2015 ला पहिला सामना खेळला. नवव्या डावात (बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो) त्याचा सहकारी एडी रोझारिओने लांब फटका मारला आणि हा पठ्ठ्या पहिल्या बेसवरून थेट घरी आला. विजयाची धाव तीच. पण त्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी होती .209, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम दोनदा यशस्वी फटका. कोरेया त्याच महिन्यात आला आणि वर्षअखेरीस लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. म्हण खरी ठरत होती, पहिल्या बेसचा रस्ताच सापडत नव्हता. बक्स्टनला खालच्या लीगमध्ये पाठवलं, परत आणलं, पुन्हा पाठवलं.

मग आला 2017. त्या वर्षी त्याने 30 वेळा बेस चोरायला झेप घेतली आणि 29 वेळा तो सुरक्षित पोचला. त्या मोसमात त्याच्या संपूर्ण लीगमध्ये त्याच्याहून चांगलं क्षेत्ररक्षण कुणाचंच नाही, असं मानून त्याला प्लॅटिनम ग्लव्ह दिलं गेलं. 18 ऑगस्टला अॅरिझोनाविरुद्ध त्याने मारलेला चेंडू कुंपणापाशी घरंगळत राहिला आणि हा चारही बेस ओलांडून 13.85 सेकंदांत घरी परतला. चार बाजू, प्रत्येकी 90 फूट, आणि वाटेत तीन काटकोनी वळणं. हे घड्याळ लावून घरी मोकळ्या जागेत कुणी करून पाहा. वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं, ते आवरण्यातच अर्धा जीव जातो.

पण वेगाची किंमतही त्याच देहाने चुकवली. जो चेंडूपर्यंत पोचू शकतो तोच भिंतीवर आदळतो, हळू पळणारा आधीच थांबलेला असतो. 2017 च्या बाद फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध त्याने भिंतीला धडकून झेल घेतला, आणि पाठ आखडल्याने त्याला सामना सोडावा लागला. 2019 मध्ये भिंतीनेच त्याचा खांदा घेतला. 2018 ला तो फक्त 28 सामने खेळला, 2021 ला 61. 2023 मध्ये गुडघ्यामुळे तो आउटफिल्डमध्ये एकही सामना उभा राहिला नाही, फक्त बॅट धरली. ज्या पायांसाठी त्याला घेतलं तेच झाकून ठेवायची वेळ आली. त्या वर्षी त्याला डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसलेला पाहून मला फार वाईट वाटायचं.

त्याच 2023 च्या 4 ऑक्टोबरला जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आदल्याच दिवशी ट्विन्सची बाद फेरीतली सलग 18 पराभवांची मालिका तुटली होती. दुसऱ्या सामन्यात टोरांटोचा पिचर होता होसे बेरीओस. हा मूळ आमचाच. 2012 च्या त्याच ड्राफ्टमध्ये 32व्या क्रमांकावर ट्विन्सने त्याला घेतलं होतं. पिचर हवा म्हणून टाहो फोडणाऱ्यांना त्याच रात्री पिचर मिळाला होता, आणि पुढे तो दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गणला गेला, पण दुसऱ्या क्रमांकाच्या भांडणात 32वा कुणाच्या ध्यानातच राहिला नाही. त्या सामन्यात चौथ्या डावातच बेरीओसला मैदानाबाहेर काढलं गेलं, आणि लगेच निर्णायक फटका मारला तो कार्लोस कोरेयाने, जो तोवर आमच्या संघात आला होता. एका ड्राफ्टमधले दोघे एकाच डावात आमनेसामनेच्या संघांत, आणि तिसरा, बक्स्टन, दुखापतीमुळे यादीबाहेर. आणि अॅपल? ज्याच्यासाठी आमचं टेबल पेटलं होतं, तो 2022 मध्ये, वयाच्या तिशीत, फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा वरच्या पातळीवर चेंडू टाकू शकला. त्याच्या चिकाटीला मी मनापासून मानते.

माझं मत विचाराल तर निवड बरोबरच होती. कोरेया जास्त भरवशाचा निघाला, हे मान्य. पण पायातला वेग शिकवता येत नाही, फलंदाजी शिकवता येते, आणि तेरा वर्षांनी का होईना तो पोरगा ती शिकला. 2025 मध्ये बक्स्टनने 35 होमरन (एकाच फटक्यावर चारही बेस फिरून घरी) मारले आणि 24 वेळा बेस चोरायला निघाला, 24 ही वेळा पोचला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्याच जुलैच्या अखेरीस संघाने निम्मे मोहरे विकले, कोरेयाही ह्यूस्टनला परत गेला. हा मात्र इथेच राहिला.

12 जुलै 2025 ला टार्गेट फिल्ड या ट्विन्सच्या मैदानावर मी होते. त्या दिवशी प्रेक्षकांना बक्स्टनची मान हलवणारी बाहुली वाटत होते. पिट्सबर्गविरुद्ध त्याने एकाच सामन्यात एक बेसचा, दोन बेसचा, तीन बेसचा फटका आणि होमरन असे चारही मारले. ट्विन्सच्या कुठल्याही खेळाडूला या मैदानावर आधी हे जमलं नव्हतं. शेवटी होमरन आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या शेजारी आमचे ते सहकारी बसले होते, आता निवृत्त, मांडीवर बाहुलीचा खोका. टाळ्या ओसरल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी होमरनबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "तो तीन बेसचा मारला ना, तेव्हा दुसरा बेस ओलांडताना त्याचे पाय पाहिलेस?"