शंभर दिवस आणि एकतीस मार्च

श्रोतेहो, नमस्कार.

नवं सरकार आलं की शंभर दिवसांचा हिशोब मांडायची पद्धत आहे. ती रूढ झाली अमेरिकेत, 1933 साली रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा. बँका बुडत होत्या, म्हणून त्यांनी आधी सगळ्या बँका बंद केल्या आणि तपासून तपासून उघडल्या.

आपल्याकडे यातले निम्मे दिवस खुर्च्या लावण्यातच जातात. 2024 चंच घ्या. विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबरला, मुख्यमंत्र्यांचा शपथविधी 5 डिसेंबरला, मंत्रिमंडळाचा विस्तार 15 ला, खातेवाटप 21 ला. पालकमंत्र्यांची यादी आली 18 जानेवारीला. तोवर आपल्या सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज मिरवून झाले होते, अक्षता सोहळाही पार पडला होता.

पालकमंत्री म्हणजे नुसता झेंडावंदनाचा मान नव्हे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच. शाळेची खोली, आरोग्य केंद्राची दुरुस्ती, गावचा रस्ता यांचा निधी याच समितीतून जातो आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. जानेवारीअखेर बैठक झाली तर निविदा, कार्यादेश, काम आणि बिल या सगळ्याला उरतात दोन महिने. मार्चच्या घाईत ओतलेलं डांबर पहिल्या पावसात कसं दिसतं, हे तुम्हाला सांगायला नको! म्हणून मला वाटतं, सरकारचं पहिलं काम घोषणा नव्हे, नेमणुका.

त्याच सरकारनं खात्यांना शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला होता. संकेतस्थळं अद्ययावत करा, कार्यालयं स्वच्छ ठेवा, तक्रारी निकाली काढा. चांगलंच आहे. तहसीलमध्ये बसायला बाकडं आणि प्यायला पाणी मिळालं तर कुणाला नको आहे?

पण डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम जोरात असतो. ऊस कारखान्यावर गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. त्यासाठी नवी समिती नको, अभ्यासगट नको. थकबाकीदार कारखान्यावर साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र, काढायची, वसुली जिल्हाधिकाऱ्यांनी करायची. खातेवाटपाच्या दुसऱ्या दिवशी, हंगाम चालू असतानाच, सहकारमंत्र्यांनी थकबाकीची यादी मागवली तरी उसाचं बिल कधी जमा होणार म्हणून बँकेत चकरा मारणाऱ्यांना सरकार आल्याचं कळेल.